घड्याळात राहिलेला पुण्याचा सूर्य

यंदाच्या रमजानमध्ये आमच्या अम्मींचा एक रोजा सूर्य मावळण्याआधी तीन मिनिटे सुटला. अम्मींना आता ऐकू कमी येते. मस्जिदची अजान आमच्या सारसोळ्याच्या घरापर्यंत येते, पण त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही. कोणीतरी खुणेने सांगावे लागते. ही अडचण पाहून आमच्या भाच्याने त्यांच्यासाठी एक घड्याळ तयार केले होते. लाल दिव्यांच्या पाटीवर पाच नमाजांच्या वेळा, आणि मगरिबची वेळ झाली की सगळी पाटी तीन वेळा लुकलुकणार. घड्याळ आदल्या रात्रीच भिंतीवर लागले होते. संध्याकाळी पाटी लुकलुकली, अम्मींनी बिस्मिल्लाह म्हणून खजूर तोंडात घातली, वर घोटभर पाणी प्याल्या. तेवढ्यात भाचा जिन्यावरून धावत आला. "नानी, थांब! अजान अजून झालीच नाही!"

अजान झाली ती तीन मिनिटांनी.

इमामसाहेबांना विचारले. ते म्हणाले, सूर्य मावळला असे समजून रोजा सोडला आणि मावळला नव्हता असे नंतर कळले, तर गुन्हा नाही, पण त्या एका रोजाची कजा करावी लागेल. अम्मींनी शांतपणे मान डोलावली. भाचा मात्र त्या रात्री धड जेवला नाही. "मामू, घड्याळ बरोबर होतं," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "बिल्ड एकही एरर न येता झालं होतं."

चूक कुठे झाली हे शोधायला आम्हाला दोन रात्री लागल्या. त्या दोन रात्रींत आणि त्याआधीच्या काही आठवड्यांत आम्ही जे पाहिले ते इथे लिहितो आहोत. आपल्या कितीतरी घरांतली मुले आता डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर घेतात, जेवणाच्या टेबलावर वायरी पसरून बसतात, आणि आपण "हा काय पसारा मांडलायस" म्हणून निघून जातो. आम्हीही तेच करत होतो. आमचे काम शाळेत उर्दू आणि मराठी शिकवण्याचे. या यंत्रांचा आणि आमचा संबंध काय, असेच वाटायचे.

मोबाईलमध्ये अँड्रॉइड असते हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण वॉशिंग मशीन, विजेचा डिजिटल मीटर, वायफायचा राउटर, मस्जिदमधले लाल आकड्यांचे घड्याळ, यांच्या पोटातही एकेक छोटा संगणक असतो. त्याला कीबोर्ड नाही, माउस नाही. एकच काम त्याने जन्मभर करायचे. अशा संगणकातली कामे वाटून देणारा जो मुकादम, ती एम्बेडेड ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राच्या आत कायमची बसवलेली. भाच्याने वापरली तिचे नाव फ्री-आरटीओएस. रिचर्ड बॅरी यांनी ती 2003 मध्ये लिहिली, 2017 पासून अ‍ॅमेझॉन कंपनी ती सांभाळते, आणि ती कोणालाही फुकट घेता येते, आतला प्रत्येक शब्द वाचता येतो. ज्या चिपवर ती चालवायची ती ईएसपी32, शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची. तिचा तळहाताएवढाही नसलेला बोर्ड लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळतो. तिच्यात कामापुरती मेमरी आहे 520 किलोबाइट. ईदच्या शुभेच्छांचा एक फोटो आपण व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलतो, तो मूळ आकारात यापेक्षा मोठा भरेल.

आता या चिपवर प्रोग्राम लिहायचा कसा? तिला तर पडदाच नाही. इथे आम्हाला प्रथम कोडे पडले. भाच्याने सांगितले की प्रोग्राम लॅपटॉपवर लिहायचा, लॅपटॉपवरच तयार करायचा, आणि मग वायरीने चिपमध्ये भरायचा. पण लॅपटॉपची भाषा वेगळी, चिपची वेगळी. म्हणून लॅपटॉपवर असा अनुवादक बसवावा लागतो जो बसतो लॅपटॉपवर पण लिहितो चिपच्या भाषेत. आमच्या अम्मींना हे आमच्या आधी कळले. त्या म्हणाल्या, "म्हणजे जावई कुवेतला आणि त्याची शेरवानी शिवायची इथे. माप नीट हवं." अगदी तेच. 'माप' देण्याची एक वेगळी आज्ञाच असते: कोणत्या चिपसाठी शिवायचे ते आधी सांगावे लागते. ते चुकले तर शेरवानी झकास शिवून होते आणि जावयाच्या अंगात शिरत नाही.

हे सगळे सामान, म्हणजे अनुवादक, फ्री-आरटीओएस आणि चिपची बाकीची अवजारे, एस्प्रेसिफ एकत्र बांधून देते. त्या गाठोड्याचे नाव ईएसपी-आयडीएफ. ते लॅपटॉपवर बसवणे हेच अर्धे काम आहे, आणि मुले इथेच हताश होतात असे आमचे मत झाले. पुण्याच्या होस्टेलमध्ये भाच्याने ते एकदा बसवले होते, पण रमजानच्या सुटीत इथे आल्यावर जुना लॅपटॉप बिघडला आणि आमच्या घरच्या लॅपटॉपवर सगळे नव्याने करावे लागले. पहिला घोळ फोल्डरच्या नावाचा. आम्ही हौसेने नाव दिले होते 'नमाज घड्याळ', इंग्रजी अक्षरांत, मध्ये मोकळी जागा सोडून. त्या मोकळ्या जागेवर सगळे अडले. या अवजारांना नावातली मोकळी जागा चालत नाही, दोन शब्द जोडून लिहावे लागतात. दुसरा घोळ: गाठोडे इंटरनेटवरून उतरवताना त्याच्या आतली पोटगाठोडीही उतरवायची असतात, ती राहिली. तिसरा तर रोजचाच. लॅपटॉपवर नवी काळी खिडकी उघडली की दर वेळी तिला आधी 'अवजारे कुठे ठेवली आहेत' हे सांगणारी एक आज्ञा द्यावी लागते. ती विसरली की खिडकी म्हणते, ही आज्ञा मला माहीतच नाही. कालपर्यंत चालत होते, आज ओळख दाखवत नाही! भाचा या गोष्टीवर तीनदा रडकुंडीला आला आणि तिन्ही वेळा कारण तेच निघाले.

आणि केबल. बोर्ड लॅपटॉपला जोडला, दिवा लागला, पण लॅपटॉपला बोर्ड दिसेना. रात्रीचे अकरा वाजले. शेवटी लक्षात आले की घरातली ती केबल फक्त चार्जिंगची होती, तिच्यातून माहिती जाणाऱ्या तारा नव्हत्याच. ज्यांच्या घरी हे काम चालू असेल त्यांनी ही एक गोष्ट तरी ध्यानात ठेवावी. दिवा लागला म्हणजे केबल बरोबर आहे असे नाही.

मग बिल्ड. आज्ञा दिली की पडद्यावर ओळी धावू लागतात, शेकडो फाइली एकामागून एक अनुवादित होतात. पहिल्या खेपेला आमच्या जुन्या लॅपटॉपला चहा पिऊन परत येईपर्यंत वेळ लागला. दुसऱ्या खेपेला जेमतेम मिनिट, कारण जी फाइल बदलली तेवढीच पुन्हा अनुवादित होते. शेवटी तीन वस्तू हातात येतात: चिप जागी होताच चालणारा छोटा प्रोग्राम, मेमरीतली जागा कोणाला किती याचा तक्ता, आणि आपला खरा प्रोग्राम. तिन्ही चिपमध्ये ठरलेल्या जागी भरायच्या. भरताना काही बोर्डांवरचे बूट लिहिलेले बटण दाबून धरावे लागते. अम्मींनी ते बटण दोन-तीनदा मोठ्या अभिमानाने दाबून दिले.

आमच्या घड्याळात तीन कामे एकाच वेळी चालतात. एक काम पाटी उजळत ठेवते, दुसरे सूर्याचा हिशोब करून नमाजच्या वेळा काढते, तिसरे बटणांकडे लक्ष ठेवते. पाटी मस्जिदच्या घड्याळात असते तीच, पी-टेन नावाची, आडव्या 32 आणि उभ्या 16 अशा 512 दिव्यांची. गंमत अशी की हे दिवे एकदम लागत नाहीत. चार गटांत, एकामागून एक लागतात, इतक्या झपाट्याने की डोळ्याला सगळे एकदम दिसावेत. आमच्या पाटीची मात्र फडफड होत होती, डोके दुखेल अशी. कारण मुकादमाच्या घड्याळात निघाले. फ्री-आरटीओएस या चिपवर न सांगता सेकंदाला 100 ठोके मोजते. प्रत्येक गटाला एक ठोका म्हणजे चार गटांना चार ठोके, म्हणजे पूर्ण पाटी सेकंदाला 25 वेळाच उजळणार. सेटिंगमध्ये ते 100 चे 1000 केले आणि पाटी 250 वेळा उजळू लागली. फडफड थांबली. या उत्तरापर्यंत भाचा स्वतः पोचला, कोणाला न विचारता. त्या रात्री आम्हाला प्रथमच वाटले की हा पसारा नाही, अभ्यास आहे.

मध्येच चिप कोसळली की पडद्यावर एक विचित्र संदेश येतो: गुरू मेडिटेशन एरर. अम्मींनी विचारले, "हे गुरुजी कोण?" जुन्या अमिगा संगणकावरची ही थट्टा, ती या चिपवाल्यांनी उचलली. आमच्या इथे गुरुजी ध्यानाला बसले कारण सूर्याचा हिशोब करणाऱ्या कामाला मेमरी फार थोडी दिली होती. वाढवून दिली, गुरुजी उठले.

अशा चुका फक्त पोरांच्याच होतात असे समजू नये. 4 जुलै 1997 ला अमेरिकेचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. त्यात व्हीएक्सवर्क्स नावाची अशीच एम्बेडेड सिस्टीम होती. उतरल्यावर काही दिवसांनी यान आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले. झाले होते असे: घरात वजूचा लोटा एकच, तो धाकट्या पोराच्या हातात. मोठ्यांना तो तातडीने हवा आहे. पण मध्येच पाहुणे आले आणि पोराला गप्पांत अडकवून बसले. पोर लोटा सोडत नाही, मोठे खोळंबलेत, जमातची वेळ टळते आहे. यानात हवामान मोजणारे काम ते पोर होते, माहितीची ने-आण सांभाळणारे महत्त्वाचे काम खोळंबले होते, आणि राखणदार व्यवस्थेने 'काम वेळेत झाले नाही' म्हणून सगळे यान पुन्हा सुरू केले. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तीच चूक घडवून आणली, आणि मंगळावर एक छोटी दुरुस्ती धाडली: लोटा ज्याच्या हातात आहे त्याला तेवढ्यापुरता मोठ्यांचा मान द्या, म्हणजे पाहुणे त्याला अडवणार नाहीत. त्यासाठीची सोय त्या सिस्टीममध्ये आधीपासून होती. ती चालू केलेली नव्हती, एवढेच.

आता आमच्या चुकीकडे येतो, पण त्याआधी वेळेचा हिशोब सांगायला हवा.

आपल्या हातातले घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरच्या सूर्याप्रमाणे चालते. सारसोळे आहे 73 अंशांच्या जवळपास. सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटे लागतात, म्हणून इथला सूर्य त्या घड्याळापेक्षा सुमारे 38 मिनिटे मागे. सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, बारा अडतीसच्या आगेमागे. तेही वर्षभर सारखे नाही. फेब्रुवारीच्या मध्याला बारा बावन्नपर्यंत जाते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा बावीसपर्यंत येते. आमच्या सारसोळ्याच्या कोळीवाड्यात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्यांचे गणितच आकाशाचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशोब जुने कोळी तोंडावर करतात. होडी जेट्टीवरून कधी निघणार हे भिंतीवरचे घड्याळ ठरवत नाही.

आपल्यातही हे काम करणारी माणसे होती. 'वक्त' याच शब्दावरून त्यांना मुवक्कित म्हणत: मोठ्या मस्जिदीत नमाजच्या वेळा काढण्यासाठी नेमलेला विद्वान. दमास्कसच्या उमय्या मस्जिदचे मुवक्कित इब्न अल-शातिर हे चौदाव्या शतकातले फार मोठे खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी 1371 मध्ये त्या मस्जिदच्या मिनारासाठी सूर्यघड्याळ बनवले. त्याआधी 1206 मध्ये अल-जझरी यांनी आपल्या यंत्रांच्या ग्रंथात पाण्यावर चालणारी घड्याळे आकृत्यांसह लिहून ठेवली. भाच्याला आम्ही हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे माझ्या कामाला नाव आहे." हो, आहे.

हिशोबाला अक्षांश-रेखांश लागतात, फजर आणि इशासाठी सूर्य क्षितिजाखाली किती अंश धरायचा ते लागते (आपल्याकडे बहुधा 18 धरतात), आणि असरसाठी मसलक. आम्ही कोकणातले, शाफई. शेजारची जमात बहुतेक हनफी. शाफई असरला सावली वस्तूएवढी वाढावी लागते, हनफी असरला दुप्पट. दोन्हींत सुमारे तासाभराचा फरक. भाच्याने हे सगळे एका मेनूत घातले: शाफई की हनफी ते निवडा, अक्षांश भरा, रेखांश भरा, मग बिल्ड करा. आमच्या शेजाऱ्यांनाही तेच घड्याळ देता यावे म्हणून. वीज गेली तरी वेळ चुकू नये यासाठी बटणसेलवर चालणारी डीएस3231 ही चिप लावली. तिचा फरक वर्षाला मिनिटभराच्या आसपास.

मग चूक कुठे? पहिल्या रात्री आम्ही दोघांनी सूर्याचे गणित ओळ न् ओळ तपासले. आम्ही व्याकरण तपासावे तसे वाचत गेलो, भाचा अर्थ सांगत गेला. गणित बरोबर. सेलवाली चिप फोनच्या वेळेशी लावून पाहिली, बरोबर. दुसऱ्या रात्री मस्जिदचा छापील तक्ता शेजारी ठेवला, तेव्हा दिसले की मगरिबच नव्हे, त्या दिवसाच्या पाचही वेळा पुढे होत्या, सगळ्या सुमारे साडेतीन मिनिटांनी. सहरी साडेतीन मिनिटे आधी थांबवली तर कोणाचे काही बिघडत नाही. जुहर, असर, इशाला आपण जमातीच्या वेळेने उभे राहतो, तिथे कोणाच्या लक्षात येण्याचा प्रश्न नव्हता. पकडली गेली ती फक्त मगरिब, कारण तिथे माणूस मिनिट मोजत बसलेला असतो.

आम्ही सहज म्हणालो, "साडेतीन मिनिटं आधी सूर्य मावळतो कुठे?"

भाच्याने कागद ओढला. चार मिनिटांना एक अंश, तर साडेतीन मिनिटांना पाऊण अंशाहून थोडे जास्त. 73 मध्ये मिळवले. तो कागदाकडे बघतच राहिला. "पुणे," तो म्हणाला.

घड्याळाची सुरुवात त्याने होस्टेलमध्ये केली होती. तिथे मेनू उघडून, पुण्याचे अक्षांश-रेखांश ठेवून तो बंद केला होता. मेनू बंद करताना निवडलेल्या सगळ्या गोष्टी एका वेगळ्या फाइलीत लिहिल्या जातात, तिचे नाव एसडीके-कॉन्फिग. सारसोळ्याला आल्यावर त्याने मूळ फाइलीत 'न सांगता धरायचे रेखांश' बदलून इथले घातले आणि पुन्हा बिल्ड केले. पण ती दुसरी फाइल पेन ड्राइव्हवरून बाकी सामानासोबत आलीच होती. आणि नियम असा की एकदा माणसाने निवड करून ठेवली असेल तर यंत्र तीच मानते, मूळ फाइलीत मागाहून काय बदलले ते विचारत नाही. म्हणून एकही एरर आली नाही. अनुवादकाने त्याचे काम चोख केले होते. घड्याळ पूर्ण प्रामाणिकपणे पुण्याचा सूर्य मोजत होते, सारसोळ्याच्या भिंतीवर.

आमच्या वर्गात एका मुलाने निबंधात लिहिले होते की ताजमहाल दिल्लीत आहे. वाक्य शुद्ध होते. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, विरामचिन्हे जागच्या जागी. आम्ही घाईत लाल शाई न लावता पान उलटले होते. ते त्या रात्री आठवले.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती: ती जुनी फाइल पुसली आणि बिल्ड नव्याने केले. पण भाचा तेवढ्यावर थांबला नाही, ते आम्हाला फार आवडले. आता घड्याळाला वीज मिळाली की पहिली पाच सेकंदे पाटीवर गावाचे नाव आणि रेखांश दिसतात. मगरिबचा इशारा हिशोबाच्या वेळेनंतर एक मिनिट थांबून होतो. आणि मस्जिदच्या तक्त्यातल्या बाराही महिन्यांच्या वेळा त्याने लॅपटॉपवर टिपून घेतल्या. कुठलाही बदल केला की घड्याळाचे उत्तर आधी त्यांच्याशी ताडून पाहायचे, मगच चिपमध्ये भरायचे. उरलेला रमजानभर त्याने घड्याळ भिंतीवर लावले नाही. टेबलावर ठेवून रोज अजानशी जुळवत राहिला. अम्मींना खुणेने सांगायचे काम पुन्हा आमच्याकडे.

या निमित्ताने आम्ही पालकांच्या मागे लागण्यासारखी थोडी माहिती गोळा केली. सी भाषा आणि लिनक्स यांचे धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मराठी आवाजात फुकट ठेवले आहेत, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांना तिथून सुरुवात करता येते. आपल्या समाजाच्या संस्थांपैकी भायखळ्याचे साबू सिद्दिक पॉलिटेक्निक आणि नवीन पनवेलचे अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस जवळ आहेत. इंजिनिअरिंग झालेल्यांसाठी सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टीमचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुलींनी हे काम घरबसल्या शिकता येते म्हणून 'घरबसल्याच' करावे, असे मात्र कोणी सुचवू नये. आमच्या भाचीने भावाच्या खांद्यावरून बघत सोल्डरिंग त्याच्यापेक्षा चांगले उचलले आहे, आणि तिला घराबाहेरची प्रयोगशाळा हवी आहे.

ईद झाली. शव्वालमध्ये एका सोमवारी अम्मींनी कजाचा रोजा धरला. भाच्याने सहरीला उठून आपणही धरला. त्याला धरायची गरज नव्हती, हे त्याला कोणी सांगितले नाही. संध्याकाळी घड्याळ पुन्हा भिंतीवर लावले. वीज दिल्यावर पाटीवर 'सारसोळे' आले, रेखांश आले, मग वेळा. दोघे खजुरीची बशी मध्ये ठेवून बसले. पाटी तीन वेळा लुकलुकली. अम्मींनी हात पुढे केला नाही, आधी भाच्याच्या तोंडाकडे पाहिले. तो खिडकीशी कान लावून उभा होता. अजान सुरू झाली होती. त्याने मान हलवली, तेव्हा त्यांनी बशी त्याच्याकडे सरकवली. "पहिली तू घे."